उसनवारी

मी वेल्डर. एकेचाळीस वर्षं
पाण्याशी संबंध एवढाच,
तापलेलं लोखंड त्यात बुडवायचं
आणि चर्र ऐकायचं.

निवृत्त झालो, मागच्या अंगणात तळं खणलं.
चार पावलं लांब, तीन रुंद, कमरेइतकं खोल,
आत काळं प्लास्टिक, कडेला सिमेंट,
ओळंब्यानं मान खाली घालावी अशी सरळ कड.
सात सोनेरी मासे सोडले.
पान एकही नाही. मला स्वच्छता आवडते.

मे महिन्यात पाणी हिरवं झालं,
जूनमध्ये वाटाण्याचं सूप.
औषध ओतलं. पंप बसवला.
पंप रात्रभर घोरायचा, मेव्हण्यासारखा,
पाणी तसंच.
पहाटे मासे वर येऊन तोंडं उघडझाप करायचे,
काही विचारायचंय आणि शब्द सापडत नाहीत, तसे.
दोन मेले.
मग एक बेडूक आत पडला.
गुळगुळीत भिंतीवर किती रात्री धडपडला, कोण जाणे.
त्याला फावड्यावर उचलताना
माझी ती सरळ कड
मला पहिल्यांदा नीट दिसली.

कुंपणापलीकडे बोगुमिला.
अक्रोडाच्या एका फांदीवरून आमचं बिनसलेलं,
अकरा वर्षं. फांदी केव्हाच वाळली,
अबोला मात्र हिरवागार.
त्या सकाळी कुंपणावर एक बादली टेकली,
मागून तिचा हात, मग आवाज :
"इरेनेउश, तुझं पाणी आजारी नाही.
ताटात वाढलंय फार, पंगतीला कोणी नाही.
हे घे. आणि तो पंप बंद कर, मला झोप लागत नाही."

बादलीत कोल्ह्याच्या शेपटीसारखं काहीतरी,
मूळ नाही, खोड नाही,
नुसतं टाकायचं, ते आपली जागा आपण शोधतं.
मनगटाएवढा कुमुदाचा कंद, चिखलात गुंडाळलेला.
पुदिन्याच्या चार काड्या.
आणि वेखंड.

वेखंडाचं पान मोडलं आणि मी सात वर्षांचा झालो.
हिरव्या सणाला आई
फळ्यांच्या जमिनीवर ही पानं अंथरायची,
आम्ही अनवाणी त्यांच्यावरून घसरायचो,
घरभर हाच वास, तिखट, ओला,
आणि वडील त्या एका दिवशी
कोणावर ओरडायचे नाहीत.

पाणी निवळायला सव्वा महिना लागला.
रोज बघायचो, रोज चिडायचो.
मग एका सकाळी तळ दिसला,
तळाशी माझा हरवलेला एकोणीस नंबरचा पाना,
पान्यावर एक गोगलगाय.
पाच मासे कुमुदाच्या सावलीत
दुपारची झोप काढत होते.

त्यानंतर जे आले त्यांना मी बोलावलं नव्हतं.
पुढच्या वसंतात एक पाणपाल
मागच्या पायांनी पुदिन्याचं पान दुमडून
त्यात एक अंडं ठेवत होती. मग दुसरं पान, दुसरं अंडं.
मी आयुष्यभर पत्रे दुमडले;
इतकी नीट घडी मला कधी जमली नाही.
वेखंडाच्या पात्यावर चढून
एका चतुरानं स्वतःची पाठ उसवली
आणि कातडं तिथेच टांगून गेला,
कामगार पाळी संपल्यावर डगला टांगतो तसं.
आणि बेडूक. तो नव्हे, दुसरा.
देठ धरून वर आला, कडेवर बसला,
माझ्याकडे बघितलं, आणि परत गेला.

ऑगस्टमध्ये अर्धं तळं झाकलं गेलं.
दाताळ्यानं ओढून शेपट्या काढल्या,
रात्रभर काठावर ठेवल्या,
त्यातल्या किड्यामुंग्यांना घरी जाता यावं म्हणून.
(हेही बोगुमिलानं सांगितलेलं.)
सकाळी तिची बादली भरून कुंपणाशी नेली.
"मला कशाला?" ती म्हणाली. "माझंच आहे ते."
"रिकामी कशी देऊ?" मी म्हणालो.

कुंपण मीच जोडलेलं, पक्कं,
एकेक सांधा मोजून.
कापायला दुपार गेली.
आता तिथे छोटं फाटक आहे. करकरतं.
तेलाचा डबा हाताशीच आहे.
घालणार नाही.
ती आली की कळतं.